लाभ

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या ढिगांमागे
पत्र्याची एक खोली आहे. तिथला सर्व्हरसुद्धा पिवळा.
पंख्याच्या पात्यांवर हळद, कीबोर्डच्या फटींत हळद,
एंटरचं बटण तर कधीपासून बोहल्यावर उभं.

परभणीहून पोचेपर्यंत साडेनऊ झाले.
बाहेर एकोणचाळीस गाड्या, पावती निघेना.
क्लार्क शेख अनीस म्हणाले,
मॅडम, काटा चालूय, वजन दिसायलंय,
पावतीवालं काहून बोलंना झालंय?

मी स्थिती विचारली.
लाल ठिपका. अयशस्वी.
खाली दहा ओळी, दहाही मॅनेजरच्याच:
उठवलं, पडलं, उठवलं, पडलं,
पाचदा झालं, आता उठवणार नाही.

माझ्याआधी आलेल्या कुण्या पोरानं
त्याला डीबगवर ठेवून बडबड्या करून सोडलं होतं.
कोण कुणाची वाट पाहतंय, कुणाचा निरोप कुणाला,
प्रत्येक पापणीची नोंद,
आणि त्या गलक्यात सर्व्हिस स्वतः काय म्हणाली
ते कुठंतरी वर वाहून गेलेलं.
मयताच्या घरी पाहुणेच बोलत बसावेत, तसं.

आधी त्याचा आवाज खाली आणला.
मग जर्नलला म्हटलं, फक्त पावतीचं दाखव, आजचं.
जर्नल म्हणालं, आजची नोंद नाही.
एकही?
एकही.

दाराशी मुंजाजी मापाडी बसलेले.
इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांचं माप भिंतीला टांगलं गेलं,
पण ते रोज येतात, पोती मोजतात, सवयीनं:
लाभ, दोन, तीन, चार...
म्हटलं, काका, एक का नाही म्हणत?
म्हणाले, एक म्हणलं की माणूस एकटा पडतो, बाई.
पैल्या मापाला लाभच म्हणावं.

मी हसले. या यंत्रातही एक नंबर आहे,
सगळ्यांत आधी जागा होतो, बाकी सारे त्याच्या पोटचे.
त्याला लाभ म्हणायला हरकत नव्हती,
फक्त तो लाभत नव्हता.

काय हुडकायलीस? त्यांनी विचारलं.
म्हटलं, आज ते काय बोललं ते.
तारखेनं नको हुडकू, ते म्हणाले,
आमी भांडण लागलं की दिवस नसतो विचारत,
कोण्या ढिगावरचं माप, तेवढं विचारतो.

कोण्या ढिगावरचं.
मी तारीख काढून टाकली. विचारलं,
या खेपेला उठल्यापासूनचं सांग.

आणि ओळी आल्या. सगळ्या. दोन हजार सतराच्या.

दुपारी वीज गेली होती, बोर्डावरचा सेल कधीचाच मेलेला,
फायबर जेसीबीनं तोडलेली, म्हणजे वेळ सांगणारं कुणी नाही.
यंत्र उठलं ते आपल्या घडणीच्या सालात उठलं,
आणि तिथूनच प्रामाणिकपणे लिहीत बसलं.
कोपऱ्यातल्या घड्याळावर
हळदीचं बोट उमटलेलं, त्यामुळं मीही पाहिलं नव्हतं.

पावतीचं म्हणणं एका ओळीचं होतं,
कुण्या प्रोग्रॅमरनं रोमन अक्षरांत मराठी लिहिलेलं:
"शेवटची पावती आजच्या पुढची आहे.
मागच्या तारखेची पावती फाडणार नाही."

पाचदा उठवून पाचदा तेच म्हणाली होती.
अनीसभाई वाकून वाचत राहिले, मग हळूच म्हणाले,
या मोंढ्यात असं म्हणणारी पैलीच.

सेल काबरा शेठच्या गाडीच्या किल्लीत सापडला.
कुरकुरले, पण दिला.
तारीख घातली, सर्व्हिस उठवली,
नजर जर्नलच्या शेवटच्या ओळीवर.
ओळ हलली: सुरू. काटा मिळाला. वजन वाचतेय.

प्रिंटर खाकरला.
मुंजाजींनी कागद फाडून उजेडाला धरला,
नंबर पाहिला, चार लाख बारा हजार आणि काही.
तरी म्हणाले, लाभ.

काबरा शेठ त्या रात्री
दाराला किल्ली लावून, हातानं फिरवून, घरी गेले.