कस

सकाळी साडेसहाला गल्लीत गाडी येते.
भोंग्यातली बाई कानडीत सांगते,
हसी कस बेरे, ओण कस बेरे.
पहिला आठवडा मी माझ्या कानानं ऐकलं:
हसी म्हणजे कुणीतरी हसतंय,
ओण म्हणजे ओलंच असणार,
आणि बेरे म्हणजे बरं, बरं चाललंय सगळं.
मग ओल्यात सुकं गेलं, सुक्यात ओलं,
आणि निंगव्वानं दोन्ही बादल्या
माझ्या उंबऱ्यासमोर पालथ्या घातल्या.
"अक्का, ह्ये काय करून ठेवलाय?"
बटाट्याच्या साली, शेंगांची टरफलं,
गोळ्यांची रिकामी पाकिटं, मागाखालचं तुटकं सूत.
आमच्यात काय शिजतं आणि कोण आजारी आहे
ते अख्ख्या वडगावनं बघून घेतलं.

तेजूला शाळेत कानडी आहे. ती म्हणाली,
आई, ओण म्हणजे सुकं.
आणि कस म्हणजे कचरा.

कस म्हणजे कचरा!
धामण्याच्या शेतात दादा मूठभर माती
बोटांत चुरायचे, नाकाशी न्यायचे,
आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगायचे,
कस आहे बघ हिच्यात अजून.
दोन कोसांवर एकच शब्द
ज्याला जपायचं तोही, आणि टाकायचं तोही.

मंगाईची जत्रा झाली, करवंट्यांचे ढीग निघाले,
आणि देवळाच्या मंडपात वॉर्डाची सभा बसली.
कलादगी साहेबांनी योजना वाचली:
दोन वर्षांत कचरा निम्मा.
हिरवी बादली, निळी बादली,
गच्ची असेल त्याला खताचा पिंप,
घरपट्टीत थोडी सूट.
पत्रक मात्र नुसतं कानडीत,
बॉबिनीवर सूत गुंडाळावं तशी अक्षरं.
भरमाण्णा उठले.
"पत्रक मराठीत द्या, मग कचरा देतो."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
साहेब घाम पुसत म्हणाले,
बरोबर आहे तुमचं, पण वरून असंच छापून आलंय.

चार दिवस गल्लीनं कचरा दिला नाही.
पाचव्या दिवशी भरमाण्णांची सून
नाकाला पदर लावून गाडीमागं पळताना दिसली,
दोन हातांत दोन बादल्या,
आणि दोन्ही बरोबर.

मराठी पत्रक अजून यायचंय.
निंगव्वानं गाडीच्या पत्र्यावर खडूनं
इकडं केळ काढलंय, तिकडं बाटली.
केळ जरा तलवारीसारखं झालंय
पण समजतं.

गच्चीवरच्या पिंपात तीन महिने
साली, चहाचा चोथा, देवाची फुलं.
झाकण उघडलं तेव्हा आधी हात मागं घेतला,
मग मूठ भरली, चुरली.
नाकाशी नेताना इकडं तिकडं बघितलं,
कुणी नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर माळा काढला.
दादांची कात्रणं, सुतळीनं बांधलेले गठ्ठे:
मोर्चे, ठराव, तारीख,
पुढची तारीख,
त्याच्या पुढची.
एक कोपरा वाळवीनं वाचून संपवलेला.
ओण कस. याहून सुकं घरात काही नाही.
दोन गठ्ठे काखेत मारून खाली आले.

निंगव्वानं एक हातात घेऊन तोलला.
"पेपराला किलोमागं पैसे येत्यात, अक्का."
मग वरच्या फोटोतल्या गर्दीवर
हातमोज्यातलं बोट ठेवलं.
"ह्यात तुमचं कोण?"
मी दाखवलं, तिसऱ्या रांगेत,
नुसती टोपी आणि एक कान.
ती वाकून बघत राहिली.
तिला ना कानडी वाचता येतं, ना मराठी.
भोंगा ओरडत होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता,
मागं रिक्षा अडकलेली.
गठ्ठा परत माझ्या हातात देऊन म्हणाली,
"मग ह्ये बेरे."

मी बरे ऐकलं.

गठ्ठे वर नेले नाहीत.
जिन्याखाली आहेत, दोन बादल्यांच्या शेजारी.
तेजू येता जाता विचारते,
हे कशात?