क्लीनरची सीट

सतरा वर्षं उसगावच्या खाणीवरून
आमोण्याच्या धक्क्यापर्यंत
लोखंडाची माती वाहिली.
दिवसाला सात ट्रिपा.
सीटखाली स्प्रिंग नव्हतीच,
माझाच कणा होता.

खाण बंद पडली, टिपर भंगारात गेला,
कंबर मात्र अजून त्याच रस्त्यावर
खड्डे मोजते.

मग गोळी आली.
पहिल्या महिन्यात वाटलं, देवच भेटला.
तिसऱ्या महिन्यात कळलं,
ती दुखण्याला हलवत नाही,
मलाच घराबाहेर काढते
आणि दुखणं आत
कडी लावून बसतं.
चवथीच्या आरतीला मी उभ्याउभ्या झोपलो.
शैलाने कपाटामागून नऊ रिकामी पाकिटं काढली,
टेबलावर मांडली, पत्ते मांडतात तशी.
बोलली काहीच नाही.

साखळीच्या आरोग्य केंद्रात
लवीना म्हणून एक पोरगी, हातात रबराचा पट्टा.
"दहापैकी किती?"
"आठ."
"आणि आठ असताना काय काय करता?"
हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी पाव पाव करत उतरवली,
घाटात गियर उतरवावेत तशी.
त्या रात्री घाम, पायांत मुंग्या,
आणि शैला तव्यावर
कोंड्याची पोटली शेकत उभी.

सकाळी चटईवर उताणा, गुडघा छातीशी,
आढ्यावरच्या पालीला साक्षी ठेवून
दहा वेळा.
संध्याकाळी वाळवंटीच्या काठाने
आधी पिंपळापर्यंत, मग पुलापर्यंत,
वाईट आठवड्यात परत पिंपळापर्यंत.
लवीना म्हणते, मागे येणं पण चालणंच.
मला पटत नाही. तरी जातो.

दुखणं गेलेलं नाही.
एवढंच, की पूर्वी गाडी ते हाकायचं,
आता क्लीनरच्या सीटवर बसून बडबडतं.
कधी मध्येच स्टिअरिंगला हात घालतं.
मी शिवी देतो.

काल सोमवारच्या बाजारात
बांगडे घेताना पाच रुपयांचं नाणं पडलं.
"रांव, हांव काडटां," पावलीना म्हणाली.
मी नको म्हटलं.
पाय फाकवले, गुडघे वाकवले,
पाठ सरळ, श्वास सोडत सोडत
खाली गेलो.
मागे रांग खोळंबली. कुणीतरी हसलंही.
नाणं ओलं होतं, त्याला एक खवला चिकटलेला.
वर यायला वेळ लागला.
तेवढ्यात बांगड्यांवरचं बर्फ
थोडं वितळलं असेल.