चौदा फुटी

वर्लिन गेल्यावर त्याच्या बायकोनं दोनशे चाळीस सांगितले.
मी एकशे नव्वद मोजून दाखवले.
ने म्हणाली, पण वल्हं एकच आहे हं.

हेवर्डमध्ये एप्रिलातही कडेकडेला बर्फ.
शेजारचा ऑर्व्हिल म्हणाला, भोकं शोधायचीत ना,
मग बोटीतच पाणी भर आणि खाली जाऊन झोप.
मी आजवर उलटंच धरून चाललो होतो.

ट्रेलरखाली उताणा, हातात लेकीचा खडू,
थेंब दिसला की फुली.
सतरा रिव्हेट निघाले.
अठरावा थेंब थेट कपाळावर आला,
तो कुठला, ते काही सापडलं नाही.

मागची फळी चहात पडलेल्या बिस्किटासारखी.
चर्चनं काढून टाकलेला बाक कापला, बसवला.
दुकानात चुकून कालवलेला रंग सहा डॉलरला मिळाला;
बायको म्हणाली, वांग्याची बोट.
दुसरं वल्हं म्हणून बर्फाचं फावडं.

मे महिन्याचा पहिला शनिवार, पहाटे पाच.
बोटं इतकी गारठलेली की गळाला अळी लावताना
अळी कुठली, बोट कुठलं, कळेना.
दोन तासांनी एक पर्च.
वीतभर, पिवळा, अंगावर पट्टे.

बोटीत तोवर चार बोटं पाणी,
त्या अठराव्यानं आणलेलं.
मासा सुटून त्यात पडला
आणि माझ्या बुटांना वळसा घालून
पलीकडे गेला, परत आला.

दह्याचा रिकामा डबा हातात होता.
उपसायला हवं होतं.