अकरा वाजता

ग्लॉस्टरच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा
कुंदाआत्याच्या मनगटावर अजून वेंगुर्ल्याची वेळ होती.
बदलून देऊ? म्हटलं, तर
"रवांदे.
तिकडे कोण काय करतंय ते कळतं."

दोन तास नुसतं पाणी.
निम्मी बोट कागदी पिशव्यांत तोंड घालून,
आणि आत्या परक्या माणसांना
आल्याच्या वड्या वाटत हिंडतेय.

मग भोंग्यातून गाइड पोरगी किंचाळली,
अकरा वाजता! अकरा वाजता!
सगळे डावीकडच्या कठड्याला.
आत्याने घड्याळ पाहिलं.
"साडेनव तर झाले," म्हणाली,
आणि उजवीकडे तशीच उभी राहिली, एकटी.

तिथेच दुसरं पाणी फुटलं.
काळी पाठ, संपता न संपणारी,
आणि एक उच्छ्वास
उबदार, कुजक्या तारल्यांचा,
थेट तिच्या चष्म्यावर.

मी पोचलो तर
पाण्यावर फक्त एक गुळगुळीत वर्तुळ,
तेल सांडल्यासारखं.
दिसला?
चष्मा पुसला नाही तिने.
"देव म्हणे!
तोंडाक वास येता रे तेच्या."

मग पुन्हा मनगट वर केलं.
जेवणं आटोपली असतील, जागे असतील अजून,
फोन दे जरा.

रेंज नव्हती.