मूळे

करंट गेला होता. गल्ली एकदम गप्प.
वडगावात असं गप्प झालं की माणसं दारात येऊन उभी राहतात.
आणि तू आतून म्हणालीस,
"बंद कर की तो माग."

बंदच होता, मनकर्णा.
बत्तीस माग बंद होते गल्लीत,
एक तेवढा तुझ्या उजव्या कानामागं चालू होता.

आम्ही हसलो. विणकरांचे कान असेच जातात,
माझ्या बापाचे गेले, तुझ्या भावाचे जातायत.
लसूण तळून तेल घातलं. थेंब घातले दीड वर्ष.
गल्लीतल्या डॉक्टरनं तेच औषध तिसऱ्यांदा लिहिलं
आणि चौथ्यांदा पैसे घेतले नाहीत,
तेव्हाच घाबरायला हवं होतं.
घाबरलो ते चहा तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातून
पदरावर उतरला तेव्हा.
तुला कळलंच नाही. कांडी भरत राहिलीस.

वरच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण, धारवाडकडची.
फोटो उजेडाला लावला, पेनचं टोक टेकवलं:
"इल्ली. मूळे."
मी ऐकलं, मुळं.
म्हटलं, बरोबर. झाडच असणार काहीतरी,
दीड वर्ष आपणच तेल घालतोय त्याला.

मला कानडी येतं. सुताचं येतं, बिलाचं येतं,
बसचा बोर्ड, रेशनची रांग, पोलिसाशी बोलायचं येतं.
हाडाचं कानडी कधी लागलं नव्हतं.
मूळे म्हणजे हाड.
तिनं मग मराठीत सांगितलं, हळू, मोडकंतोडकं,
आणि मोडकं होतं म्हणून जास्त खरं वाटलं.
"ह्या हाडाला कॅन्सर लई कमी येतो.
मी पुस्तकात बघितला. माणसात हा पहिला."

सातवीत शाळा सोडलेल्या तुझ्या डोक्यात
पुस्तकातलं काहीतरी.

फॉर्मवर सही मराठीत चालते का, विचारलं.
कारकून मान वर न करता: "नडीतैती."
ह्या गावात पहिल्यांदाच
कुणी भाषेवरून वाद घातला नाही.

सकाळी सिस्टरनं पाकीट दिलं. "त्यांची कुडी. सांभाळा."
माझे गुडघे गेले.
उघडलं तर मोत्याची, लग्नातली, उजवी.
डावीचं मळसूत्र अडकलेलं, ती तिथंच, वर चिकटपट्टी.
अकरा तास. मी साड्यांत मोजले:
तीन, काठासकट, आणि चौथीचा पदर.

आता हसतेस ते डाव्या बाजूनं.
उजवा डोळा मिटत नाही, रात्री मी पट्टी लावतो.
डावा कान उशीत दाबून म्हणतेस, माग थांबला.
कधी म्हणतेस, थांबला नाही,
लांब गेलाय, अनगोळपर्यंत.

मग मी त्या उजव्या कानाशी बोलतो.
दोनातला एक माग विकला, ते सांगितलं.
पुढचा फोटो मार्चात, ते सांगितलं.
मूळे, मूळे, म्हणून बघितलं,
ळ जड करून, तिच्यासारखा.

काल करंट गेला. गल्ली गप्प.
तू दारात आलीस, मान कलती,
डावा कान रस्त्याकडं.
मी विचारलं नाही.
तूही सांगितलं नाहीस.
आत जाऊन कांड्या मोजल्यास. एकवीस.
एक कमी आहे, म्हणालीस.