म्यान एक, रिकामे

पानाला चाळीस रुपये.
मोडी वाचायची, बाळबोधीत उतरवायची,
सकाळी साडेदहा ते पाच, दफ्तरखान्यात.
पंखा एकावरच, कागद उडतात.

एक मुलगी पीएच.डी. करतीय,
तिला फक्त आकडे हवेत:
तरवारी किती, बंदुका किती, भाले किती,
करवीर इलाख्यातून साहेबानं काढून घेतलं ते
सगळं मिळून किती.
रकाने तिनंच आखून दिलेत, पेन्सिलीनं.

रुमाल सोडला.
शके सतराशे ऐंशी, कालयुक्तनाम संवत्सर.
सत्तावन्नचा वणवा विझवून साहेब आता
राख चाळत होता,
घरोघरचं लोखंड मोजत होता.

कारकुनाचा हात चांगला.
बोरू मध्ये उचलायचा नाही, तर उचललाच नाही,
ओळ निघाली ती ओढ्यासारखी, दगड चुकवत.

येसू बिन हैबती, तरवार एक, मूठ मोडकी.
सुभाना बिन राणोजी, बंदूक तोड्याची एक, नादुरुस्त.
आपा गुरव, भाला एक. देवाचा आहे म्हणतो. तरी जमा.
बाळा बिन जोत्याजी, कट्यार एक,
लेकाच्या लग्नात लागेल, परत मिळेल काय पुसतो.
पुढं कारकुनानं काही लिहिलेलं नाही.
काय लिहिणार.

आणि एकेचाळिसावं कलम:
ठकी कोम निळोजी, गडकरी,
म्यान एक, रिकामे.

मोडीत घाईनं एकाचं दुसरं वाचलं जातं.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
रिकामेच.

खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
'तरवार कोठे म्हणोन पुसता बाई बोलली जे,
धन्यासंगे चार दरवाजियात होती.
दरवाजा सरकारने पाडिला, त्यास चौदा वर्षे जाली.
दगड तैसेच आहेत.
सरकारास पाहिजे तर
उचलून घ्यावी.'

त्याच्या लगेच खाली साहेबाची सही.
तांबडी शाई, ऐटदार, शेवटी एक फराटा.
साहेबाला मोडी येत नव्हती.
कलमं मोजली असतील बोटानं,
बेरीज जुळली, सही ठोकली,
आणि चहा मागवला असेल, किंवा घोडा.

कारकून शूर होता असं मी म्हणणार नाही.
बोलेल ते लिहा, असा हुकूम असेल.
दुपारची वेळ, पुढं अजून साठ माणसं,
कुणाला फिकीर विधवा काय म्हणते.
पण शाई तिथं एका ठिकाणी जाड आहे,
'उचलून'वर.
बोरू थांबला होता.
एवढंच मला दिसतं, जास्त नाही.

रविवारी रंकाळा स्टँडवरनं पन्हाळ्याची गाडी धरली.
उगीच. बायकोला म्हटलं, हवा खायला.
दरवाज्याच्या जागी आता वाट आहे,
आमची गाडी हॉर्न देत तिथनंच आत गेली.
कडेला एकजण कणसं भाजत होता,
त्याच्या शेगडीखाली एक घडीव दगड,
चुना अजून धरून.
मी वाकून बघितलं.
'काय पडलं काय मामा?' तो म्हणाला.
काय नाही म्हटलं. कणीस घेतलं. तिखट लावून.

सोमवारी रकाने भरले.
तरवारी, बंदुका, भाले, इतर.
म्यान 'इतर'मध्ये टाकता आलं असतं.
पेन्सिल टेकवली, पुन्हा उचलली.

चार दिवसांनी मुलीचा फोन.
'काका, साहेबाची बेरीज येते त्याहून
आपली एकानं कमी भरतीय.
कुठं राहिलंय का काही?'

म्हटलं, राहिलंय.
पन्हाळ्यावर हाय. दगडाखाली.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, 'कुठल्या रकान्यात लिहू?'