पेपर लँटर्न, घोडी, कुमाईत

पान दोनशे अकरा. अक्षर माझंच.
बाप आयर्लंडचा, जहाजातून उतरलेला.
आई इथली, मावळातल्या फार्मवरची.
आईच्या आईची आई कुणा नबाबाकडून
पत्त्यांच्या डावात आलेली, असं म्हणतात;
'म्हणतात'ला रजिस्टरात रकाना नाही.
कपाळावर चांदणी. मागचा उजवा पाय पांढरा.
जन्म सतरा मार्चचा, पण वय मोजायचं एक जानेवारीपासून.
नियमच आहे, सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक.

दस्तगीर नदाफला हे सांगितलं तेव्हा
तो खरारा थांबवून हसला होता:
"मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाला एक जून लावला की, साहेब.
म्हणजे मी आणि कंदिली, दोघंबी कारकुनाच्या पोटचे."

कंदिली म्हणायचा तो तिला.
मालक बलसारा शेठ पूर्ण नाव घ्यायचे, हॅट काढून.
जॉकी काहीच म्हणायचा नाही, नुसता जिभेने टक् करायचा.
ती तिघांनाही ओ द्यायची.

एकोणीस शर्यती. सात पहिल्या, चार दुसऱ्या.
त्यातली एक दुसरी माझ्या डोळ्यांदेखत:
फेब्रुवारीतला रविवार, महालक्ष्मी, सोळाशे मीटर,
हाजी अलीकडून खारा वारा,
स्वस्त स्टँडात आम्ही रेलिंगला लटकलेले,
खिशात दहाचं तिकीट घामानं मऊ.
वळणावर ती सहावी. मग पाचवी. मग
मधले घोडे फडक्यानं पुसल्यासारखे गेले
आणि शेवटच्या शंभरात तिचा डावा कान आडवा पडला.
जीव लावून पळायची तेव्हा पडायचाच तो,
पाठीमागून कुणी हाक मारल्यासारखा.
फोटो मागवला. पाच मिनिटं पंचवीस हजार माणसं गप्प.
नाकानं हरली.
माझ्या रकान्यात त्याचे 'दोन' झाले.
सुटसुटीत आकडा. नाक केवढं होतं ते त्यात मावत नाही.

पुढे पायाची शीर धरली
आणि ती फार्मवर गेली, आई व्हायला.
तिथला हिशेबही माझ्याच टेबलावर यायचा:
पहिलं वर्ष, रिकामी.
दुसरं, शिंगरू, नर, मृत.
तिसरं, रिकामी.
चौथं, मादी, कुमाईत, लिलावात विकली.
पाचव्याला जुळी राहिली, आणि गेली.
सहाव्याला नुसती रेघ.
बलसारा शेठ म्हणाले, एवढं रक्त, एवढा पैसा,
मग घोडं पेंड खातंय कुठे?
डॉक्टर म्हणाले, कुठेच नाही. कधी कधी नाही होत.

'रिकामी'चा आमच्याकडे रबरी शिक्का आहे.
तिच्या पानावर मी तो शब्द दोन्ही वेळा हातानं लिहिला.
का, ते विचारू नका.

मृत्यू: पोटशूळ, पहाटे. वय पंधरा,
म्हणजे जानेवारीच्या हिशेबानं. खरं तर चौदा आणि थोडं.

गेल्या रविवारी तिच्या नातीची पहिली शर्यत होती.
माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत,
आता मला मेंबरांच्या बाजूला बसू देतात,
समोर काचेचे मनोरे, त्यांच्यात ऊन अडकलेलं.
नऊ घोड्यांत सातवी आली. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.
पण शेवटच्या शंभरात, सगळं संपलेलं असताना,
डावा कान आडवा.

संध्याकाळी तासगावला फोन लावला.
दस्तगीरचे दात गेलेत, आवाज शाबूत आहे.
कितवी आली, त्यानं विचारलंच नाही.
कानाचं सांगितलं, तर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला,
पलीकडे कुणाची तरी शेळी.
मग म्हणाला,
"चंदी खाल्ली का तिनं?
हिची आजी हरली की तोबऱ्याला तोंड लावायची नाही.
हातानं भरवाय लागायचं, मूठ मूठ."

मला कुठलं माहीत.
धर जरा, म्हटलं,
आणि फोन कानाला तसाच लावून
तबेल्यांच्या बाजूला चालू लागलो.